गर्भाशय नेमकं करतं काय आणि त्याच्या माथी काय काय मारलं जातं

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की आधी सुनेची 'पिशवी' तपासायची. दोन्ही मुलीच झाल्या, तरी बोलणी तिलाच. कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं, म्हणजे पिशवीला सूज असणार. आणि एकदा दोन मुलं पदरात पडली, की आता तिचं काय काम, टाका काढून. एका अवयवाच्या नावावर इतक्या तक्रारी जमा आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींशी त्याचा संबंधच नाही. जी कामं गर्भाशय खरोखर करतं, ती मात्र फारशी कुणाच्या बोलण्यात येत नाहीत.

आधी ते आहे कसं ते बघू. ओटीपोटात, पुढे मूत्राशय आणि मागे गुदाशय यांच्या मधे ते असतं. मूल न झालेल्या बाईत त्याची लांबी साधारण साडेसात सेंटिमीटर, रुंदी पाच आणि वजन ५० ते ६० ग्रॅम. मुठीपेक्षाही लहान. आपण पिशवी म्हणतो खरं, पण आत मोकळी जागा जवळपास नसतेच. पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेल्या असतात. भिंत मात्र जाड आणि जवळजवळ सगळी स्नायूंची, आणि आतून एक मऊ अस्तर. वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन नळ्या निघतात आणि त्यांची टोकं दोन्हीकडच्या अंडाशयांजवळ पोचतात. खालचा निमुळता भाग म्हणजे गर्भाशयाचं तोंड.

आता दोषारोपांकडे येऊ. स्त्रीबीज अंडाशयात तयार होतं, गर्भाशयात नाही. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची गाठ पडते ती नळीत. तिथे तयार झालेला गर्भ पेशी वाढवत वाढवत चौथ्या-पाचव्या दिवशी गर्भाशयात येतो. म्हणजे बीज न पिकणं, क्षयरोगाने किंवा दुसऱ्या जंतुसंसर्गाने नळ्या बंद होणं, शुक्राणू कमी असणं, ही सगळी कारणं गर्भाशयाच्या दारापर्यंत पोचण्याआधीची. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्यांच्या आसपास पुरुषाकडचंही काही ना काही कारण सापडतं. वीर्यतपासणी स्वस्त आहे, सोपी आहे, त्यात सुई लागत नाही की भूल लागत नाही. तरी बाईच्या तीन सोनोग्राफ्या होऊन जातात आणि नवरा लॅबची पायरी चढलेला नसतो. याला वैद्यकीय कारण काहीही नाही.

मुलगा-मुलगीचंही तेच. स्त्रीबीजात कायम एक्स गुणसूत्र असतं, शुक्राणूत एक्स किंवा वाय. लिंग ठरतं ते कोणता शुक्राणू पोचला त्यावर, आणि गर्भाशयात गर्भ येतो तेव्हा ते ठरून चार-पाच दिवस झालेले असतात. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधक बाईंनी १९०५ साली किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघून वाय गुणसूत्राची ही भूमिका दाखवली होती. त्यानंतर ८३ वर्षांनी, १९८८ साली, महाराष्ट्राला गर्भलिंग तपासणीवर बंधन घालणारा कायदा करावा लागला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. केंद्राचा कायदा १९९४ चा.

आपल्याकडची जुनी समजूत मात्र पूर्ण चुकीची नव्हती. गर्भ राहायला चार गोष्टी एकत्र याव्या लागतात, असं सुश्रुतसंहिता सांगते: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. म्हणजे योग्य वेळ, जमीन, पाणी आणि बी. पुढे घरोघरी याचा अर्थ इतकाच उरला की बाई म्हणजे जमीन आणि बी पुरुषाचं. बाईचंही बी असतं हे डोळ्यांनी दिसायला १८२७ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांना कुत्रीच्या अंडाशयात बीज सापडलं. पण क्षेत्र आणि ऋतू यांच्यावर दिलेला भर आजही खरा ठरतो. फक्त ही जमीन निपचित पडून राहणारी नाही. ती बी पारखते, नको ते बाहेर टाकते आणि मुळं किती खोल जाऊ द्यायची हेही बऱ्याच अंशी तीच ठरवते.

दर महिन्याची तयारी

पाळी संपल्यावर अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे) आतलं अस्तर पुन्हा वाढायला लागतं. सुरुवातीला तीन-चार मिलिमीटर असलेलं अस्तर पुढे दहा मिलिमीटर किंवा त्याहून जाड होतं. बीज फुटल्यावर अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक येतं आणि अस्तराचं रूप पालटतं. पेशी फुगतात, साखर साठवतात, बारीक रक्तवाहिन्या वेटोळी घेत वर येतात. गर्भ आला नाही, तर दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन उतरतं. त्या वेटोळ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, अस्तराचा वरचा थर तुटून बाहेर पडतो. खालचा थर तसाच राहतो आणि त्यातून पुढच्या महिन्याचं अस्तर उगवतं. एका पाळीत जाणारं रक्त सरासरी ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. ८० च्या वर गेलं तर ते जास्त. यात 'घाण रक्त' कुठेच नाही. रक्त तेच आहे, सोबत अस्तराचे तुकडे आहेत, बस्स.

गौरी-गणपती आले, की मेडिकलच्या दुकानात 'पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या' मागणाऱ्यांची संख्या वाढते. त्या गोळ्यांत प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध असतं. बाहेरून ते मिळत राहिलं, की अस्तराला वाटतं अजून थांबायचं आहे, आणि ते टिकून राहतं. गोळी थांबली की दोन-तीन दिवसांत पाळी. एवढी साधी युक्ती आहे. पण रक्तात गुठळ्या होण्याचा इतिहास असलेल्या किंवा यकृताचा त्रास असलेल्या बाईने त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. (देवाला चालतं की नाही हा प्रश्न मी देवावर सोडते.)

गाई-म्हशींना पाळी येत नाही. त्या माजावर येतात, ते वेगळं. पाळी येणारे सस्तन प्राणी अगदी थोडे आहेत: माणूस, काही माकडं आणि वानर, काही वटवाघळं आणि इतर एक-दोन लहान जीव. बाकीच्या बहुतेक प्राण्यांत गर्भ आल्यावर अस्तर बदलतं. आपल्यात ते गर्भाची वाट न बघता दर महिन्याला आधीच बदलून बसतं, आणि एकदा बदललं की मागे जाता येत नाही. म्हणून ते टाकून द्यावं लागतं. इतका खर्च शरीर का करतं? त्याचं कारण माणसाच्या गर्भाच्या स्वभावात आहे.

आत घेणं, आणि थोपवणंही

माणसाचा गर्भ अस्तराला नुसता चिकटत नाही. तो आत घुसतो, पूर्ण गाडून घेतो आणि आईच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो. गाईचा गर्भ इतका आक्रमक नसतो. असा पाहुणा येणार असेल तर दाराशी तयारी आधीपासून हवी. बदललेलं अस्तर एकाच वेळी दोन कामं करतं. गर्भाला खाऊ-पिऊ घालतं आणि त्याला हद्दीत ठेवतं.

दार उघडं असतं तेही थोडेच दिवस. २८ दिवसांचं चक्र धरलं तर साधारण विसाव्या ते चोविसाव्या दिवसापर्यंत. त्याच्या आधी किंवा नंतर चांगला गर्भसुद्धा रुजत नाही. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात गर्भ बाहेर तयार झाला तरी तो आत सोडण्याचा दिवस इतका काटेकोर ठरवतात तो यामुळेच. गर्भ रुजला की एचसीजी नावाचं संप्रेरक सोडतो. अंडाशयाला त्यातून निरोप मिळतो की प्रोजेस्टेरॉन चालू ठेव, अस्तर पडू देऊ नकोस. लघवीच्या पट्टीवर दोन रेघा उमटतात त्या या एचसीजीमुळे.

अस्तर गर्भाची पारखही करत असावं, असं या विषयातले संशोधक मानतात. माणसाच्या गर्भांमध्ये गुणसूत्रांच्या चुका फार होतात आणि असे गर्भ बहुतेक वेळा लवकरच थांबतात. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्यांहून अधिक या कारणाने होतात. पपई खाल्ली, स्कूटरवर बसली, जिने चढली, मुळात 'पिशवीच कमजोर', हे सगळं त्या बाईला ऐकवण्याआधी एवढं तरी लक्षात ठेवावं.

अस्तराचं हद्दीत ठेवण्याचं काम किती मोठं आहे, ते जिथे अस्तर नाही तिथे कळतं. गर्भ कधी नळीतच रुजतो. तिथे ना तयारी ना अडसर, त्यामुळे सहाव्या-आठव्या आठवड्यात नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो आणि बाई तासाभरात दगावू शकते. दुसरं उदाहरण सिझेरियनच्या जुन्या व्रणाचं. व्रणावर अस्तर नीट उगवत नाही. पुढच्या खेपेला वार (प्लासेंटा) नेमकी तिथे बसली, तर ती स्नायूत, कधी कधी मूत्राशयापर्यंत रुतत जाते आणि बाळंतपणात सुटत नाही. जितकी सिझेरियन जास्त, तितका हा धोका जास्त. सोयीसाठी सिझेरियन मागणाऱ्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

वार हा बाळाच्याच पेशींपासून बनलेला अवयव. नऊ महिन्यांनी तिचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास होतं. आईचं रक्त वारेच्या बारीक फांद्यांभोवती खेळतं, बाळाचं रक्त त्या फांद्यांच्या आत, आणि मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू, साखर, क्षार यांची देवघेव होते. दोन्ही रक्तं मिसळत नाहीत. गर्भाशयातल्या त्या वेटोळ्या रक्तवाहिन्या आता रुंद आणि सैल व्हाव्या लागतात. ते काम अर्धवट झालं, तर पुढे आईचा रक्तदाब चढतो आणि बाळाची वाढ खुंटते. सातव्या-आठव्या महिन्यात डोकं दुखतंय, हातापायांवर सूज आहे म्हणून बाई येते, पण त्याची सुरुवात चौथ्या-पाचव्या महिन्याच्या आत होऊन गेलेली असते.

घट्ट मिटलेलं तोंड

बारा आठवड्यांपर्यंत गर्भाशय कमरेच्या हाडांआड लपलेलं असतं. विसाव्या आठवड्यात त्याचा वरचा काठ बेंबीशी येतो, छत्तिसाव्यात थेट छातीच्या हाडाखाली. उपकेंद्रातली सिस्टर टेपने पोट मोजते ते हेच. साधारण चोविसाव्या आठवड्यानंतर जितके आठवडे तितके सेंटिमीटर. मशीन नाही, वीज नाही, तरी बाळ वाढतंय की नाही याचा अंदाज येतो. ६० ग्रॅमचा अवयव शेवटी एक किलोच्या घरात जातो. नवे स्नायू फारसे बनत नाहीत, आहेत त्याच पेशी दहापटीपर्यंत लांब होतात.

एवढं वजन वरून दाबत असताना तीन-चार सेंटिमीटर लांबीचं तोंड मिटून राहतं, हे मला सगळ्यात नवलाचं वाटतं. गर्भाशयाचा वरचा भाग स्नायूंचा, पण तोंड मुख्यतः चिवट तंतूंचं असतं, आणि त्यात चिकट स्रावाचं बूच. काहींच्या बाबतीत हे तोंड वेळेआधीच, कळा न येता, गुपचूप उघडतं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात पाणमोट खाली सरकते आणि चांगलं वाढलेलं बाळ जातं. पुढच्या खेपेलाही तसंच. पूर्वी याला नशीब म्हणून सोडून देत.

यावर मुंबईत उपाय निघाला. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे, जन्म १८९९ चा. गरोदरपणातच गर्भाशयाच्या तोंडाभोवती टाका घालून ते आवळून ठेवायची शस्त्रक्रिया त्यांनी बसवली आणि १९५५ साली प्रसिद्ध केली. टाक्यासाठी धागा म्हणून त्यांनी त्याच बाईच्या मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी वापरली होती. दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या मॅकडोनाल्ड यांनी टाक्याची सोपी पद्धत काढली. आज बहुतेक ठिकाणी तीच वापरतात, पण जगभरच्या पुस्तकांत 'शिरोडकर टाका' हे नाव कायम आहे. वेळ भरत आली की टाका काढतात. प्रत्येक गर्भपातावर मात्र हा इलाज नाही. गुणसूत्रांच्या चुकीमुळे पडणारा गर्भ टाक्याने थांबत नाही. कधी कधी 'सुरक्षिततेसाठी' सरसकट टाका सुचवला जातो, तेव्हा कशासाठी ते विचारावं.

बाळंतपण जवळ आलं की तोंडातले तंतू सैल पडतात. 'दोन बोटं उघडलंय, अजून वेळ आहे,' हे लेबर रूममधलं वाक्य त्याचंच. पुरतं उघडणं म्हणजे दहा सेंटिमीटर. दरम्यान वरच्या स्नायूंवर ऑक्सिटोसिनला, म्हणजे कळा आणणाऱ्या संप्रेरकाला, ओळखणाऱ्या जागा वाढलेल्या असतात. कळ वरून सुरू होते आणि खाली येते. इथे या स्नायूची खास खुबी दिसते. आकुंचन पावल्यावर तो पूर्वीइतका लांब होत नाही, दर कळेला थोडा आखूडच राहतो. म्हणून वरचा भाग जाड होत जातो, खालचा ताणून पातळ होतो आणि बाळ पुढे सरकतं. कळ चालू असताना बाळाला मिळणारं रक्त कमी होतं, दोन कळांमधल्या विश्रांतीत ते भरून निघतं. लवकर मोकळी व्हावी म्हणून घरी किंवा देखरेखीशिवाय कळांचं इंजेक्शन देणं धोक्याचं आहे, कारण ती विश्रांतीच हिरावली जाते.

बाळ बाहेर आलं तरी गर्भाशयाचं काम संपत नाही. किंबहुना आईच्या जिवाच्या दृष्टीने आता सर्वांत मोठं काम सुरू होतं. दिवस भरताना गर्भाशयाला मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त पुरवलं जात असतं. वार सुटते तेव्हा त्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्या बांधायला कुणी टाके घालत नाही. मधल्या थरातले स्नायू जाळीसारखे उभे-आडवे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या विणीतून जातात. स्नायू आवळले की वाहिन्या दाबून बंद होतात. ते ढिले राहिले, तर धडधाकट बाई दोन तासांत जाऊ शकते. बाळंतपणात होणाऱ्या मृत्यूंचं एक मोठं कारण आजही हेच आहे. म्हणून बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात आणि सिस्टर थोड्या थोड्या वेळाने पोटावर हात दाबून बघते. बेंबीखाली कडक गोळा लागला तर ठीक, हात मऊ पोटात रुतला तर धावपळ. बाळंतिणीला ते दाबणं नकोसं वाटतं, पण त्याला ना म्हणू नये.

पुढे गोळा रोज बोटभर खाली जातो. बाळ अंगावर पिऊ लागलं की ऑक्सिटोसिन सुटतं आणि ओटीपोटात कळ येते, तीही आकसण्याचीच. सहा आठवड्यांत एक किलोचं गर्भाशय पुन्हा मुठीत मावेलसं होतं. सव्वा महिन्याच्या ओल्या बाळंतपणाचा हिशेब इथे बऱ्यापैकी जुळतो.

काढून टाकण्याआधी

वय झालं की पिशवी निकामी, ही बदनामीही तपासून घ्यावी. २०१४ साली स्वीडनमध्ये रोपण केलेल्या गर्भाशयातून जगातलं पहिलं बाळ जन्माला आलं. गर्भाशय देणारी बाई ६१ वर्षांची होती, पाळी केव्हाच थांबलेली. संप्रेरकं मिळाल्यावर तेच गर्भाशय पुन्हा कामाला लागलं. वय होतं ते बीजांचं. आपल्याकडे मे २०१७ मध्ये पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या चमूने देशातलं पहिलं गर्भाशय रोपण केलं. तिथेच ऑक्टोबर २०१८ मध्ये अशा गर्भाशयातून मुलगी जन्मली, आजीने आईला दिलेल्या गर्भाशयातून. या रोपणात नळ्या जोडत नाहीत, म्हणून गर्भ बाहेरच तयार करावा लागतो. चेतातंतूही जोडत नाहीत, त्यामुळे कळा जाणवत नाहीत आणि सिझेरियनच करतात. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून औषधं घ्यावी लागतात, ती जन्मभर नकोत म्हणून एक-दोन मुलं झाल्यावर गर्भाशय पुन्हा काढून टाकतात.

एकीकडे हे, आणि दुसरीकडे बीड. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, ऊसतोडीला निघते. फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीत बसायला जागा नाही, आणि कामाचा दिवस बुडला तर खाडा कापला जातो. तिथे अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं हे जंतुसंसर्गाने होणारच. त्यावर गोळ्यांचा कोर्स पुरतो. पण डॉक्टर म्हणतो पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, आणि बाई तिशीच्या आतबाहेर असतानाच पिशवी काढून मोकळी होते. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीला जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांमध्ये १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यानंतर जिल्ह्यात या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितली. कंबर मात्र शस्त्रक्रियेनंतरही दुखतच राहते, कारण दिवसभर वाकून ऊस तोडणं आणि मोळी डोक्यावर घेणं थांबलेलं नसतं.

कधी गर्भाशय काढावंच लागतं. कॅन्सर, औषधांना दाद न देणाऱ्या गाठी, अंग पूर्ण बाहेर येणं, बाळंतपणातला न थांबणारा रक्तस्राव. तेव्हा घाबरून टाळू नये. पण नुसत्या पांढऱ्या जाण्यावर, छोट्या गाठीवर किंवा सोनोग्राफीत लिहिलेल्या 'जाड' या एका शब्दावर सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. जास्त रक्तस्रावावर गोळ्या आहेत, संप्रेरक सोडणारी तांबी आहे, फक्त गाठ काढता येते. कॅन्सरची भीती असेल तर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या, ती पाच मिनिटांची आहे. आणि पाळी थांबून वर्ष उलटल्यावर साधा डाग जरी पडला, तरी तो अंगावर काढू नका.

शस्त्रक्रिया ठरलीच तर एक प्रश्न आधी विचारायचा: अंडाशय ठेवणार की काढणार? गर्भाशय गेलं तर पाळी आणि गर्भधारणा थांबते, अंडाशय राहिले तर संप्रेरकं चालू राहतात. चाळिशीच्या आत अंडाशयही गेले, तर एका रात्रीत रजोनिवृत्ती येते, पाठोपाठ हाडं ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. काय काढलं हे डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहून घ्या आणि काढलेल्या भागाचा लॅब रिपोर्ट मागून फाइलला लावा. पुढे दहा वर्षांनी दुसरा डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.